ना (शब्द)

'ना' हा एकाक्षरी शब्द मराठीसह जगातील अनेक भाषांत आढळतो. मात्र भाषेगणिक त्याचा अर्थ व व्याकरणातील कार्य बदलते. ध्वनिसाम्य म्हणजे भाषिक नाते नव्हे, याचे हे सुबोध उदाहरण आहे.

भारतीय भाषांतील अर्थ

मराठीत 'ना' हे अव्यय नकारासाठी ('ना घर ना दार'), पुष्टी मिळवण्यासाठी ('तू येशील ना?') आणि आग्रहासाठी ('बस ना') योजले जाते. 'पाऊस थांबेना' येथे ते क्रियापदाच्या नकारार्थी रूपात येते. 'नापसंत', 'नालायक' यांतील उपसर्ग फारसीतून आला आहे.

कोकणीत 'म्हाका वेळ ना' म्हणजे 'मला वेळ नाही'. ते सरळ विधान आहे, मराठीतल्यासारखा होकाराची अपेक्षा करणारा प्रश्न नव्हे. संस्कृतात 'ना' हे 'नृ' शब्दाच्या प्रथमा विभक्तीचे एकवचन असून त्याचा अर्थ 'पुरुष' असा आहे. नकारवाचक 'न' त्याहून निराळा.

अन्य भाषांतील अर्थ

ह्रस्व-दीर्घाचा सूक्ष्म भेद सोडल्यास याच उच्चाराचे शब्द पुढीलप्रमाणे आढळतात:

• स्वाहिली: आणि, सह
• कोरियन: मी (अनौपचारिक बोलण्यात)
• जपानी: नाव, तसेच क्रियापदानंतर आल्यास निषेध ('जाऊ नकोस')
• टागालोग: आता, एव्हाना
• रशियन: वर, बोलण्यात 'हे घे'
• आयरिश: अनेकवचनी नामापूर्वी येणारे निश्चयवाचक उपपद
• अरबी: शब्दाच्या शेवटी जोडल्यास 'आमचा' किंवा 'आम्हाला'

साम्य आणि नाते

'न' आणि 'आ' हे ध्वनी बहुसंख्य भाषांत आहेत. त्यामुळे अशा दोन ध्वनींचा शब्द अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण होणे स्वाभाविक ठरते. क्वचित अर्थही जुळतो: जपानी 'ना' आणि संस्कृत 'नामन्' या दोहोंचा अर्थ 'नाव' असला, तरी तो योगायोग आहे.

याउलट संस्कृत 'न', फारसी 'न', रशियन 'न्ये' आणि इंग्रजी 'नो' यांचे उच्चार भिन्न असूनही या सर्वांतील नकार एकाच आदिम भारत-युरोपीय शब्दापासून आला आहे. भाषांचे नाते एकट्या शब्दावरून ठरत नाही. संस्कृत 'पाद' व 'पितृ' यांतील 'प' इंग्रजी 'फुट' व 'फादर' यांत 'फ' होतो. अनेक शब्दांत नियमाने दिसणारे असे ध्वनिबदल हाच नात्याचा पुरावा मानला जातो.