बेंजोचा स्वर

श्रावणांत रविवारीं कानबाई बसली कीं दुसऱ्या दिवशीं खानदेशांत गांवोगांव विसर्जनाची मिरवणूक निघते. अशा वेळीं धुळ्याच्या किंवा जळगांवच्या रस्त्यावर जो कर्कश, तरीहि अंगांत भिनणारा आवाज कानीं येतो, त्यांत बेंजोचा वांटा मोठा असतो. सुशिक्षित घरांत या वाद्याची गणना संगीतांत करण्याची चाल नाहीं. आम्हीहि पुष्कळ वर्षें खिडक्या लावून घेणारांपैकींच होतों; परंतु या आवाजाचा इतिहास पाहूं लागल्यावर आमचें मत बरेंच पालटलें.

नांव बेंजो असलें तरी हा अमेरिकन बँजो नव्हे. जपानांतील नागोया शहरीं गोरो मोरिता यानें १९१२ सालीं, तैशो राजवटीच्या आरंभीं, तारांवर टाइपरायटरसारखीं बटणें बसवून 'तैशोगोतो' तयार केलें. तेंच हिंदुस्थानांत येऊन बुलबुल तरंग झालें. त्याचा मूळचा आवाज दिवाणखान्यापुरता. ढोलापुढें टिकण्यासाठीं पोलादी तारांखालीं पिकअप, पुढें ॲम्प्लिफायर आणि भोंगा, अशी जोड त्याला मिळाली, आणि तें विलायती इलेक्ट्रिक गिटारचें भावंड बनलें. (जळगांवांत बालपणाचा कांहीं काळ घालविलेल्या बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळीं हा प्रश्नच नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत गळाच पोंचवावा लागे.)

गिटारवाल्यांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १९६४ सालीं लंडनच्या किंक्स मंडळींतील डेव्ह डेव्हिस यानें ॲम्प्लिफायरच्या भोंग्याचा पडदा पात्यानें चिरला, आणि त्या फाटक्या आवाजानें त्यांचें गीत गाजलें. पुढें असा आवाज मुद्दाम काढण्याची सोय यंत्रांतच झाली. 'गेन' वाढविला म्हणजे लहरींचे माथे छाटले जातात व मूळांत नसलेले उपस्वर उमटतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढून आणि तारेखालीं सूत सरकवून आमचे गवई उपस्वरांचीच समृद्धि साधतात. मात्र सूत योग्य जागेपुढें सरकलें कीं तार स्वतःच निस्तेज होते. गेनचें बटण अशी ताकीद देत नाहीं.

येथें थोडें गणित पाहण्यासारखें आहे. सेकंदास २०० कंपनांचा षड्ज व ३०० चा पंचम एकत्र छाटले, तर वजाबाकीनें १०० चा खालचा षड्ज आणि बेरजेनें ५०० चा गांधार निघतो. तंबोऱ्यांत ऐकूं येणारा स्वयंभू गांधार तो हाच. म्हणून षड्ज-पंचमाची जोडी फाटक्या आवाजांतहि शोभते. तेथें २४० चा कोमल गांधार घातला कीं वजाबाकी ४० व बेरीज ४४० येते; त्यांचें मूळ स्वरांशीं पटत नाहीं, आणि कानीं येतो तो नुसता गुरगुराट.

दुसरी फसगत घरांत होते. मंद आवाजांत आपल्या कानास खर्ज कमी ऐकूं येतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें. खोलींत बसून गोड वाटेल इतका खर्ज वाढविलेलें यंत्र रस्त्यावर मोठ्यानें लावलें कीं सगळी चाल चिखलांत रुतते. म्हणून जाणता वादक बटणें चौकांत उभा राहून लावतो. पहिल्यानें नखीचा आघात स्पष्ट ऐकूं येईपर्यंत गेन उतरवितो, मग खर्ज, आणि मधले स्वर तेवढे वर काढतो. आवाजाची भूक एवढ्यानेंहि भागत नाहीं, हें खरें. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेलची मर्यादा घालतात. मिरवणुकींत ती कोण पाळतो, हें वाचकांस सांगावयास नकोच.

एका कानबाईला धुळ्यांत आम्हीं एका वयस्क वादकाजवळ भीत भीत हा विषय काढला. "दादा, थोडा कमी करून पाहाल?" तो हंसला, त्यानें गेन निम्म्यावर आणला, आणि चौकाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या बायका तीच चाल गुणगुणूं लागल्या. दोन गाणीं झालीं. मग ढोलवाल्यानें मागें वळून बोटानें वर, आणखी वर, अशी खूण केली.