शब्बाथच्या आधीचं पाणी

वरोर-चिंचणीपासून दक्षिणेला रेवदंड्यापर्यंत समुद्र एकच. या किनाऱ्याच्या दक्षिणेकडे, अलिबाग-पेणच्या गावांत, बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा थांबवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडलं. त्यांचा मुंबईतला पहिला सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 मध्ये उभारला. रेवदंडा, अलिबाग आणि पनवेलचे 1840च्या दशकातले. त्याआधीचा धर्म घरातच होता. मग ‘तेविला’चं, म्हणजे विवाहित स्त्रीच्या मासिक शुद्धिस्नानाचं काय?

शोध घेणारा आधी हौद शोधतो. या हौदाला ‘मिकवे’ म्हणतात. त्यात किमान 40 सिया, म्हणजे मतभेदांनुसार सुमारे 330 ते 570 लिटर, पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी लागतं. घागरीने भरलेलं चालत नाही. पण मिश्नाच्या ‘मिकवाओत’ प्रकरणात समुद्राचं पाणीही यासाठी ग्राह्य मानलं आहे. ज्याच्या दाराशी समुद्र आहे, त्याच्या अंगणात हौदाचे अवशेष सापडले नाहीत म्हणून तिथे स्नान नव्हतं, असं म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. स्त्रीने सात स्वच्छ दिवस मोजल्यावर रात्री स्नान करायचं. मोजणी पाळीवर अवलंबून असल्याने ती रात्र शुक्रवारचीही येते आणि शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागतो. त्या रात्री पाणी तापवता येत नाही, नखं कापता येत नाहीत, केस विंचरता किंवा पिळता येत नाहीत. उलट स्नानाची अट अशी की अंग आणि पाणी यांच्यामध्ये काहीच राहू नये: गुंता नको, अंगठी नको, नखाखालचा मळ नको. म्हणून सगळी तयारी दिवा लावण्याआधी उरकावी लागते. ऊन पाण्याने न्हाणं, फणी, नखं, सगळं शुक्रवारी दुपारी. अंधार पडल्यावर फक्त बुडी. स्नान शनिवारी रात्री आलं, तर मुख्य न्हाणं शुक्रवारीच करून ठेवायचं, आणि शब्बाथ सरल्यावर पुन्हा केस विंचरून पाण्यात उतरायचं. शब्बाथला लागूनच सण आला, तर केस गुंतू नयेत म्हणून ते तोवर बांधून ठेवायचे.

हे सारं काम बाईचं, चुलीजवळचं, न्हाणीघरातलं. त्याचा शिलालेख होत नाही, सिनेगॉगच्या हिशेबवहीतही ते येत नाही. म्हणून पुरावा मागणाऱ्याला ते दिसत नाही. आणि पुरावा मागितला गेलाच. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलींच्या विवाहनोंदणीसाठी 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बीनतने आज्ञा काढली: आई, आजी, पणजी यांची वंशपरंपरा तपासावी, शंका उरल्यास प्रकरण धर्मन्यायालयाकडे न्यावं. त्या वाटेच्या टोकाला धर्मांतराच्या स्नानाची शक्यता होती. ज्या पाण्यात या स्त्रीचं शरीर आपलंच म्हणून शुद्ध व्हायचं, तेच पाणी ती आपली नसावी या शंकेचं साधन होऊ पाहत होतं. 1964 मध्ये बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने त्यांची बाजू घेतली. त्याच ऑगस्टमध्ये संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचं मान्य केलं आणि रब्बीनतला आज्ञेतून त्यांचं नाव वगळावं लागलं.

या झगड्यात कागद, वंशावळी, ठराव यांची चर्चा झाली. शुक्रवारी दुपारी, घाणा थांबण्याआधी, घाईने फणी फिरवणाऱ्या बाईची नाही. तिची साक्ष कुणी मागितली असती, तर समुद्राकडे बोट दाखवणं पुरेसं होतं.