कर्करोगाचीं दोन कुळें

विदर्भांत दिग्रससारख्या बाजाराच्या गांवीं पानठेल्यावर सुपारी, तंबाखू व चुना घोटून खर्रा केला जातो. तो तासन्‌तास गालांत धरण्याची संवय जडली म्हणजे कित्येकदां त्याच जागीं पांढरा चट्टा उमटतो, आणि पुढें कांहींना भरून न येणारा व्रण होतो. हाच तोंडाचा कर्करोग. तोंड, घसा व गर्भाशयाचें मुख यांचें अस्तर खवल्यांसारख्या चपट्या पेशींचें असतें. त्या पेशी बेबंद वाढूं लागल्या म्हणजे होणारा रोग सूक्ष्मदर्शकाखालीं सर्वत्र बराचसा सारखा दिसतो. पण त्याचीं कुळें भिन्न आहेत, हें कळण्यास फार काळ लागला.

पहिलें कुळ तंबाखूचें. परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा १९४४ सालीं प्रसिद्ध केला. रोग्याची संवय आणि त्याचा रोग यांचा संबंध तपासण्याची परंपरा येथें रुजली.

दुसरें कुळ विषाणूचें. जर्मन संशोधक हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना १९८३ सालीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत पॅपिलोमा विषाणु आढळला. त्याबद्दल २००८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हाच विषाणु घशांतही कर्करोग उत्पन्न करतो. अमेरिकेंत २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, घशाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या विषाणुजन्य रुग्णांपैकीं शेंकडा ८२ तीन वर्षांनंतर हयात होते. इतरांपैकीं केवळ ५७. विषाणूचीं प्रथिनें शरीरास परकीं वाटतात, म्हणून रक्षक पेशी तेथें अधिक जमतात, हें याचें एक कारण. आपल्याकडील गालाच्या कर्करोगांत मात्र मुख्यतः तंबाखूचेंच कुळ आढळतें. ती आशादायक आंकडेवारी त्याला लागू पडत नाहीं.

मग या रुग्णांनीं आशा कोठें धरावी? रक्षक पेशींना एक लगाम असतो. कित्येक कर्करोग आपल्या अंगावर पीडी-एल-१ नांवाचें प्रथिन धारण करून तो लगाम खेंचतात. तें प्रथिन किती आहे हें पाहून, लगाम सोडविणाऱ्या औषधाचा उपयोग कितपत होईल याचा अंदाज बांधतां येतो. परंतु त्या औषधाची किंमत सामान्य कुटुंबाच्या आंवाक्याबाहेरची. यावर परळच्याच रुग्णालयानें उपाय शोधला. निव्होलुमॅब हें औषध नेहमींच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनीं २० मिलिग्रॅम, इतर औषधांच्या जोडीला दिलें. दुरुस्त होण्याची आशा उरली नव्हती अशा रुग्णांत वर्षभर जगणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १६ वरून ४३ वर गेलें, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें.

एका वर्षाचें हें आयुष्य थोडें नव्हे. पण तें रोग बळावल्यानंतरचें आहे. गालांतील चट्टा वेळींच दाखविणारा आणि खर्र्याची पुडी दूर सारणारा मनुष्य याहून कितीतरी अधिक वर्षें मिळवूं शकतो.