चार दिवसांचा विटाळ, चार दिवसांचा खाडा



सावित्रीमाईंच्या जयंतीच्या तयारीसाठी आमच्या विहारात बैठक होती. तिथे एका मुलीने मोबाईलवर आलेला तक्ता दाखवला. पाळीच्या चक्राचे चार टप्पे, कोणत्या टप्प्यात काय खायचं, कधी हलकं चालायचं, कधी जोराचा व्यायाम करायचा, कधी लवकर झोपायचं. तक्ता रंगीत, वाचायला सोपा. सगळ्यात खाली एक ओळ होती : आपल्या शास्त्रांनी हे हजारो वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. ‘ताई, यावर कार्यक्रम घ्यायचा का?’ तिने विचारलं. मी म्हटलं, घ्यायचाच, पण त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करायची.

कारण शास्त्रांनी सांगितलं होतं हे खोटं नाही. काय सांगितलं होतं तेवढं बघितलं पाहिजे.

तैत्तिरीय संहितेतली कथा अशी : इंद्राने विश्वरूपाला मारलं, त्याला ब्रह्महत्येचं पाप लागलं. ते त्याने वाटून टाकलं आणि त्यातला तिसरा हिस्सा बायकांच्या वाट्याला आला. तोच म्हणे पाळी. खून इंद्राचा, शिक्षा बाईला, तीही दर महिन्याला. त्यालाच लागून तिच्या तीन रात्रींचे नियम येतात. तिने अंघोळ केली तर होणारं मूल पाण्यात मरेल, केस विंचरले तर टकलं होईल, काजळ घातलं तर काणं, नखं कापली तर वाईट नखांचं, सूत कातलं तर नपुंसक. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हीच यादी आणखी लांबते : रडू नये, हसू नये, फार बोलू नये, दर्भावर निजावं, ओंजळीत, मातीच्या भांड्यात किंवा पानावर जेवावं.

आता कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अहो, त्या निमित्ताने बाईला विश्रांती मिळायची.’ हा युक्तिवाद आपल्या मुलींच्याही तोंडी यायला लागला आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. सुश्रुत श्रम टाळायला सांगतो, हे मान्य. पण त्याच यादीत दिवसा झोपायलाही मनाई आहे. का? तर मूल झोपाळू निपजेल म्हणून! पोटात कळा येत असलेल्या बाईला दुपारी आडवं व्हायची परवानगी नाही आणि याला विश्रांती म्हणायचं? या संपूर्ण यादीत बाईचं दुखणं कुठेच नाही. काळजी आहे ती तिच्या पोटी येणाऱ्या वंशाची. आणि घराघरातला अनुभव काय? चुलीला शिवायचं नाही, पण गोठा झाडायला, रानात खुरपायला तीच.

मनुस्मृती याच्याही पुढे जाते. पाचव्या अध्यायात कुणाला शिवल्यावर अंघोळ करावी हे सांगणारा एक श्लोक आहे. त्यात चांडाळ, पाळीतली बाई, पतित, बाळंतीण आणि प्रेत हे सगळे एकाच रांगेत बसवले आहेत. जात आणि पाळी या दोन वेगळ्या चळवळींच्या गोष्टी आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा श्लोक शोधून वाचावा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जळालं, त्यात हेही पान होतं.

२८ सप्टेंबर २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी हाच धागा पकडला. पाळीच्या कारणावरून बाईला दूर ठेवणं ही अस्पृश्यताच आहे, कलम १७ तिथेही लागू होतं, असं त्यांनी लिहिलं. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी विरोधी मत दिलं : कलम १७ जातीच्या अस्पृश्यतेपुरतं आहे. मला चंद्रचूड यांचं म्हणणं पटतं, पण एक गोष्ट नोंदवूनच. सवर्ण घरातली बाई चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायली की तिचा विटाळ फिटायचा. माझ्या पणजीचा कितीही न्हायली तरी फिटत नव्हता, आणि ज्या पाण्याने न्हायचं त्या पाणवठ्यावर तिला जाता येत नव्हतं. ‘कावळा शिवला’ म्हणून तिला कुणी बाजूला बसवलं असेल तर ते तिच्या आधीच बाजूला टाकलेल्या वस्तीत.

मग बाईच्या शरीराप्रमाणे तिचा दिवस बदलावा, हा विचार आपल्याकडे आला कुठून? माझं उत्तर आहे, कामगार कायद्यातून. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेब सभासद होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने सोसावा, असं त्यांनी मांडलं. पण मालकालाही त्यांनी सोडलं नाही. पुरुषाऐवजी बाई कामाला ठेवण्यात मालकाचा काहीतरी जास्त फायदा आहे म्हणूनच तो तिला ठेवतो, तेव्हा काही वाटा त्यानेही द्यावा. कायदा १९२९ ला झाला. पुढे मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाचा प्रश्नही त्यांच्याच हाती आला. यात पाप नाही, विटाळ नाही, टकल्या मुलाची भीती नाही. शरीराला गरज आहे, म्हणून सुट्टी आणि सुट्टीचे पैसे. पाळीपुरतं म्हणाल तर बिहारने १९९२ मध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना महिन्याला दोन दिवसांची रजा दिली. सरकारी नोकरीतल्या, हे शब्द लक्षात ठेवा.

कारण आता बीडला यायचं आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो, ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. पहाटे अंधारात उठायचं, ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. राहायला कोपी, संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही. एक दिवस चुकला की खाडा धरतात. २०१९ मध्ये बातम्या आल्या तेव्हा खाड्याचे दिवसाला ५०० रुपये कापल्याचं बायका सांगत होत्या. मजुरी बुडणार ती वेगळीच. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे. मग डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या आकड्यांनुसार, जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे जवळपास दर सहा बायकांत एक. चक्राप्रमाणे दिवस बदलायचं दूरच, इथे दिवसासाठी चक्रच कापून टाकलं. सुश्रुताच्या यादीत निदान तिच्या गर्भाशयाला काही किंमत होती, मुकादमाच्या वहीत तीही नाही.

त्या तक्त्याबद्दल सरळ बोलायचं तर त्यातलं सगळं टाकाऊ नाही. ज्या दिवशी दुखतं त्या दिवशी हळू चालणं, लोह मिळेल असं खाणं, पाळीच्या तारखा लिहून ठेवणं, हे प्रत्येक मुलीने करावं. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. तिथे बाजरीची भाकर आणि हिरवी पालेभाजी महागड्या बियांच्या डब्यापेक्षा जास्त कामाची. पण चक्र २८ दिवसांचंच असतं असं नाही, २१ ते ३५ दिवसही ठीक. आणि अमुक आठवड्यात अमुकच व्यायाम, याला भक्कम पुरावा नाही. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा मोठा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत व्यायामाची क्षमता अगदी किरकोळ कमी होत असेल, प्रत्येकीने आपल्या शरीराकडे बघून ठरवावं, एवढंच त्यातून निघालं.

शरीराकडे बघून ठरवायचं, तर ठरवण्याचा अधिकार हातात लागतो. म्हणून आमच्या कार्यक्रमात तक्ता लावू, खालची ओळ खोडून. शेजारी दुसरा कागद लावू : ऊसतोड बायकांना पाळीच्या दिवसांचा खाडा नको, फडावर संडास आणि पाणी हवं, पिशवी काढण्याआधी सरकारी दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं. त्यावर सह्या घेऊ. आमच्या वस्तीतली तीन जोडपी दिवाळीनंतर कारखान्यावर गेली आहेत, त्यांच्या सह्या फोनवर विचारून घ्यायचं ठरलं आहे. त्या मुलीकडेच ते काम दिलं.