घाटकोपरचा शाहीर आणि उपनगरांचे ऋण

कलेस गुरू लागतो, असे आपण परंपरेने मानीत आलो आहोत. परंतु एखाद्यास गुरूच्या दारापर्यंत पोहोचूच दिले नाही, तर त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या उपनगरांच्या इतिहासातच आहे. ज्ञातिबांधवांपैकी अनेक कुटुंबे आज घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथे स्थिरावली आहेत. म्हणून तो इतिहास त्यांजपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी, अस्पृश्य गणल्या गेलेल्या मातंग समाजात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. तेच पुढे अण्णा भाऊ या नावाने महाराष्ट्रास परिचित झाले. त्यांची शाळा जेमतेम दीड दिवसाची. पोटासाठी कुटुंब पायी मुंबईस आले. येथे त्यांनी हमालीपासून गिरणीपर्यंत पडेल ते काम केले, आणि दुकानांच्या पाट्या व भिंतींवरील जाहिराती वाचीत अक्षरओळख करून घेतली. ज्या नगरीने त्यांस शाळा दिली नाही, तिचे रस्तेच त्यांची शाळा झाले!

१९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशा हा प्रकार सभ्य समाजाने अव्हेरलेला. पुढे सरकारनेही त्यावर बंदी घातली. अण्णा भाऊंनी त्याचाच कायापालट केला. गणातील देवतास्तवनाच्या जागी त्यांनी श्रमास व मातृभूमीस वंदन घातले, गवळण वगळली. मात्र ढोलकीचा ठेका आणि सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी कायम ठेवली. कामगारांचे प्रश्न त्यांच्याच बोलीत रंगमंचावर आले आणि लोकनाट्याने नवे बाळसे धरले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड घरोघरी पोहोचली.

घाटकोपर बृहन्मुंबईत आले ते १९५० साली, मुलुंड १९५७ साली. त्या वाढत्या उपनगरात, चिरागनगरच्या झोपडपट्टीत, अण्णा भाऊंनी आयुष्याची अनेक वर्षे काढली आणि लेखनही केले. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले. जगाचा भार पुराणातील शेष वाहत नसून कष्टकऱ्यांचे हात वाहतात, हा विचार तेथे मांडला. बाबासाहेब आंबेडकरांस अर्पण केलेली ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली व १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच साली ते रशियास जाऊन आले. मात्र परतले ते त्याच झोपडपट्टीत. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. पुढे दीड महिना उलटण्यापूर्वीच अमर शेखही गेले. टपाल तिकीट निघाले ते २००२ साली, मॉस्कोत पुतळा उभा राहिला तो २०२२ साली. गौरव झाला, पण तो पाहण्यास मूर्ती उरली नव्हती!

हे एकट्या अण्णा भाऊंचेच प्राक्तन नव्हे. मुलुंडच्या वस्तीत राहून गाणी रचणारे व गाणारे शाहीर विलास घोगरे हेही याच मातीतले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. तो आघात त्यांस सोसवला नाही; चौथ्या दिवशी त्यांनी आपल्याच झोपडीत जीवनयात्रा संपविली. त्यांचा आवाज ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटाने जतन केला आहे.

दरवर्षी आपण गुणपत्रिका पाहून विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. ते योग्यच आहे. परंतु ज्याच्यापाशी गुण आहेत, गुणपत्रिका नाही, त्याचे काय? तो आपल्या घरातील असेल, शेजारच्या चाळीतील असेल, अथवा वेगळ्या ज्ञातीचा असेल. कलेस ज्ञातीची वेस नसते. अशा एका तरी कलावंतास प्रतिवर्षी आपल्या मेळाव्यात मानाने पाचारण करावे, त्याची कला ऐकावी आणि योग्य बिदागी द्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. पुतळ्यास घातलेल्या हारापेक्षा हयातीत पुढे केलेला हात अधिक मोलाचा असतो, हे आम्ही आपणांस नम्रपणे निवेदन करतो.