हॉली बीच

हॉली बीच : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लुइझियाना राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मेक्सिकोच्या आखातावर वसलेली लहानशी किनारी वस्ती. ती कॅमरन पॅरिशमध्ये मोडते. लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात आणि कॅमरन पॅरिशचा कारभार ‘पोलीस ज्युरी’ नावाचे निवडून आलेले मंडळ पाहते. हॉली बीचला स्वतःची नगरपालिका नाही. उत्तरेच्या दलदलीतून येणारा राज्यमार्ग २७ आणि किनाऱ्याच्या कडेकडेने टेक्ससच्या हद्दीकडे जाणारा राज्यमार्ग ८२ जिथे मिळतात, तिथे ही वस्ती आहे. पूर्वेला कॅल्कशू नदीचे मुख असून फेरीबोटीने ते ओलांडले की पॅरिशचे मुख्य ठिकाण कॅमरन लागते. वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यापुढे आखात आणि मागे मैलोन्‌मैल पाणथळ गवताळ प्रदेश, अशी येथील भूमी आहे. १९३७ मध्ये स्थापन झालेले सॅबीन राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान याच पाणथळीत येते.

या भागाची घडण मिसिसिपी नदीने केली. नदीचे मुख गेल्या सुमारे तीन हजार वर्षांत पूर्व-पश्चिम सरकत राहिले. ते पश्चिमेकडे असे तेव्हा गाळ वाहत येऊन किनारा पुढे सरके. ते पूर्वेकडे गेले की गाळ आटे आणि लाटा वाळू-शिंपल्यांचे बांध रचत. पुन्हा गाळ आला की ते बांध आत राहून जात. अशा समांतर बांधांवर ओक वृक्ष वाढले. फ्रेंच भाषेत ओकला ‘शेन’ म्हणतात, त्यावरून या बांधांना ‘शेनिअर’ नाव पडले. त्यांची उंची जेमतेम दोन-तीन मीटर असते. तरीही भोवतालच्या सपाटीत जुन्या वस्त्या, गुरे, शेती आणि रस्ते यांना तेवढीच कोरडी जागा मिळाली. वसंतात आखात एका दमात ओलांडून आलेले चिमुकले स्थलांतरी पक्षी याच झाडांवर उतरतात, म्हणून पश्चिमेकडील जॉन्सन बायूजवळचे एक लहानसे ओकबन पक्षिप्रेमींनी राखून ठेवले आहे. ‘उंच जागा’ या शब्दांचा येथला अर्थ हे बुटके बांध एवढाच होता, आणि पुढील इतिहासातील मोठा अनर्थ याच शब्दांशी जोडलेला आहे.

हरिकेन म्हणजे अटलांटिक आणि आखातातील तीव्र चक्रीवादळ. त्याचा तडाखा या किनाऱ्याला जुना आहे. १२ ऑक्टोबर १८८६ रोजी आलेल्या वादळाने हॉली बीचच्या पश्चिमेला जॉन्सन बायू ही कापूस पिकवणारी वसाहत उद्ध्वस्त केली. तेथे आणि शेजारच्या सॅबीन पासमध्ये मिळून शंभराहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट १९१८ मधील वादळही कॅमरनच्या परिसरातच जमिनीवर आले. पिढी बदलली की आठवण पुसट होई आणि किनाऱ्यावर पुन्हा घरे उभी राहत.

विसाव्या शतकात हॉली बीचला ‘केजन रिव्हिएरा’ हे नाव मिळाले. कॅनडातील अकेडिया प्रांतातून १७५५ पासून ब्रिटिशांनी हाकलून दिलेल्या फ्रेंच भाषकांचे लुइझियानात स्थिरावलेले वंशज म्हणजे केजन. रिव्हिएरा हा शब्द त्यांनी फ्रान्सच्या श्रीमंती किनाऱ्यावरून घेतला असला, तरी इथला थाट साधा होता. तेलशुद्धीकरण कारखान्यांतले कामगार, भातशेती करणारे शेतकरी आणि कोळंबी पकडणारे मच्छीमार यांची कुटुंबे उन्हाळ्यात येथे येत. लाकडी खांबांवरच्या छोट्या घराला येथे ‘कॅम्प’ म्हणतात. दोरीला कोंबडीचा तुकडा बांधून निळे खेकडे धरायचे, संध्याकाळी ते मोठ्या पातेल्यात मसाला घालून उकडायचे, गाडी थेट वाळूवर न्यायची, असा हा विसावा होता. अमेरिकेच्या किनाऱ्यांवर बेताच्या मिळकतीच्या माणसाला समुद्र परवडेल अशा जागा कमी होत गेल्या. हॉली बीच त्यांपैकी एक होते, हे त्याचे खरे मोल.

२७ जून १९५७ रोजी ऑड्री हे हरिकेन आले. मोसम नुकताच सुरू झाला होता आणि जूनमध्ये एवढे बलाढ्य वादळ येईल अशी कोणाची कल्पना नव्हती. हवामानाचे उपग्रह तेव्हा नव्हते. वादळाची जागा विमाने, जहाजे आणि रडार यांवरूनच ठरे. २६ तारखेच्या सूचनांवरून लोकांनी असे धरले की वादळ दुसऱ्या दिवशी उशिरा पोहोचेल आणि सकाळी उठून निघता येईल. सखल व उघड्या जागी राहणाऱ्यांनी उंच जागी जावे, असे सूचनांत सांगितले होते. शेनिअरवर राहणाऱ्यांच्या लेखी त्यांची घरे सखल नव्हतीच. पिढ्यान्‌पिढ्या त्याच बांधाला ते उंच जागा म्हणत आले होते. आदल्या संध्याकाळी दलदलीतले क्रॉफिश (झिंग्यासारखे लहान जलचर) झुंडीने बाहेर पडून रस्त्यांवर आले होते, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. रात्रीत वादळाचा वेग वाढला. लोक जागे झाले तेव्हा घरात पाणी शिरू लागले होते आणि बाहेर पडायचा रस्ता पाण्याखाली गेला होता.

किनाऱ्यावर समुद्र सुमारे १२ फूट चढला आणि सखल प्रदेशात पाणी २५ मैलांपर्यंत आत घुसले. मृतांची संख्या किमान ४१६ धरली जाते. ओळख न पटलेल्या अनेकांना लेक चार्ल्स शहरात एकत्र पुरावे लागले. हॉली बीचची घरे वाहून गेली. कॅमरनमध्ये १९३७ मध्ये बांधलेले काँक्रीटचे न्यायालय तेवढे टिकले आणि त्यात शिरलेल्या शेकडो लोकांचे प्राण वाचले. आप्त गमावलेल्यांनी पुढे केंद्र सरकारवर दावा लावला. हवामान खात्याने इशारा पुरेसा स्पष्ट दिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९६३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. इशारा कसा द्यावा हे ठरवणे शासनाच्या विवेकाधीन कामात येते, असा निर्णय झाला. कायद्याने तो प्रश्न मिटवला. पण इशारा देणाऱ्याचा ‘उंच’ आणि ऐकणाऱ्याचा ‘उंच’ वेगळे असू शकतात, हे ऑड्रीइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसले असेल.

हॉली बीचचे नुकसान वादळाच्या ताकदीइतकेच ते कोठे जमिनीवर येते यावर ठरते. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे या दक्षिणाभिमुख किनाऱ्यावर केंद्राच्या पूर्वेला वारा समुद्र जमिनीवर लोटतो, तर पश्चिमेला तो पाणी बाहेर ढकलतो. येथील समुद्रतळ दूरवर उथळ असल्याने उधाण आणखी फुगते. ऑड्रीचे केंद्र हॉली बीचच्या पश्चिमेकडून गेले. २४ सप्टेंबर २००५ च्या पहाटे आलेले रीटा हे हरिकेनही पश्चिमेला जॉन्सन बायूजवळच जमिनीवर आले. आखातात असताना रीटाचे वारे ताशी सुमारे २९० किलोमीटरपर्यंत पोहोचले होते. किनाऱ्यावर ते ताशी १८५ वर आले, पण उधाण ओसरले नाही. हॉली बीचमध्ये एकही घर उरले नाही. उरले ते वाळूत रोवलेले खांब आणि पायऱ्या. माणसे मात्र वाचली. जेमतेम चार आठवड्यांपूर्वी कट्रिना या हरिकेनने न्यू ऑर्लिन्सची केलेली दशा सर्वांनी पाहिली होती आणि ऑड्रीची आठवण घराघरांत होती, म्हणून पॅरिश वेळेत जवळजवळ रिकामे झाले. १९५७ ची जीवितहानी पुन्हा झाली नाही ही २००५ मधील सर्वांत मोठी गोष्ट होती, पण कट्रिनाच्या बातम्यांखाली ती आणि रीटा दोन्ही दबून गेली.

तीन वर्षांनी, १३ सप्टेंबर २००८ रोजी, आइक हे वादळ दूर टेक्ससमधील गॅल्व्हस्टनला धडकले. अंतर मोठे असूनही हॉली बीच पुन्हा त्याच्या पूर्वेलाच पडले आणि नव्याने उभारलेल्या घरांत पाणी गेले. यानंतर वस्तीचे रूप पालटले. पूरविम्याच्या आणि बांधकामाच्या नियमांनुसार नवी घरे तीन-चार मीटर, काही त्याहूनही उंच खांबांवर चढली. खांब, जिना, मजबूत जोडण्या आणि विम्याचा हप्ता हे सगळे मिळून होणारा खर्च पूर्वीच्या कॅम्पवाल्यांपैकी अनेकांच्या आवाक्याबाहेर गेला. त्यांनी चाकांवरची घरे आणली, कारण इशारा मिळताच ती गाडीला जोडून उत्तरेला नेता येतात. केजन रिव्हिएराचा साधेपणा काही प्रमाणात टिकला तो या चाकांमुळे.

किनाराही स्वतः झिजत आहे. कॅल्कशूच्या मुखाशी जहाजांसाठी बांधलेल्या भिंतींनी पश्चिमेकडे वाहणारी वाळू अडली, आणि खोल केलेल्या जलमार्गातून खारे पाणी आत शिरून पाणथळीतील गवत मरू लागले. हॉली बीचच्या पश्चिमेला राज्यमार्ग ८२ अगदी पाण्याच्या काठाने जातो, आणि रस्ता तुटला की समुद्र थेट पाणथळीत शिरतो. म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला किनाऱ्यासमोर दगडांचे ८५ लाटरोधक बांध घातले गेले. २००३ मध्ये समुद्रतळातून वाळू उपसून किनाऱ्यावर पसरण्यात आली. दोनच वर्षांत रीटा आले. वाळू पुन्हा घालण्याचे दुसरे मोठे काम २०१४ मध्ये पूर्ण झाले. भर घातलेली वाळू कायम राहत नाही. ती किती वर्षे तग धरते एवढेच मोजायचे असते.

२७ ऑगस्ट २०२० रोजी लॉरा हे हरिकेन कॅमरनजवळ धडकले तेव्हा वारे ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाचे होते. जमिनीवर येताना रीटा आणि ऑड्रीपेक्षाही हे वादळ जोरदार होते. या वेळी मात्र केंद्र हॉली बीचच्या पूर्वेकडून गेले. सर्वांत उंच उधाण क्रिओल, ग्रँड शेनिअर या पूर्वेकडच्या गावांवर आले; हॉली बीचचे मोठे नुकसान केले ते वाऱ्याने. छपरे उडाली, चाकांवरची मागे राहिलेली घरे उलटली. दुरुस्ती सुरू होते न होते तोच ९ ऑक्टोबरला क्रिओलजवळ डेल्टा हे वादळ आले.

या वादळांबरोबर पॅरिश रिकामे होत गेले. २००० च्या जनगणनेत कॅमरनची लोकसंख्या दहा हजारांच्या जवळपास होती. २०२० मध्ये ती सुमारे ५,६०० उरली. त्याच काळात किनाऱ्यावर द्रवरूप नैसर्गिक वायूचे प्रचंड निर्यात प्रकल्प उभे राहिले. राज्यमार्ग ८२ च्या पश्चिम टोकाला असलेल्या सॅबीन पास प्रकल्पातून फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्यात सुरू झाली. तो चालवणाऱ्या शेनिअर कंपनीचे नाव याच ओकबांधांवरून आले आहे. भारतातील गेल कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या करारातला येथील पहिला वायू ३० मार्च २०१८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळला उतरला. कॅमरनजवळच्या कॅल्कशू पास प्रकल्पातून २०२२ पासून जहाजे निघतात. आखातात जाणारी ही टँकर जहाजे हॉली बीचच्या वाळूवरून दिसतात. बारमाही राहणारी कुटुंबे तेथे मोजकीच आहेत. उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी लेक चार्ल्स, सल्फर आणि टेक्ससच्या पोर्ट आर्थर भागातून येणाऱ्यांनी किनारा भरतो.