संगणकाचे अद्ययावतीकरण : आधी प्रतीवर चाचणी

भिलाई, छत्तीसगड : १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेल्या भिलाई पोलाद प्रकल्पात तयार होणारे रेल्वेचे रूळ अल्ट्रासॉनिक चाचणीनंतरच बाहेर पाठवले जातात. रुळातील दोष गाडी धावू लागल्यावर कळून उपयोग नसतो. संगणक प्रणालीच्या अद्ययावतीकरणालाही हाच नियम लागू आहे.

अद्ययावतीकरण टाळणे धोक्याचे असते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक ठप्प केले. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केली होती. ती न बसवलेले संगणक बळी पडले. उलट, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

यावर लहान कार्यालयांना व घरगुती वापरकर्त्यांना परवडणारा उपाय म्हणजे संगणक सुरू करू शकणारी संपूर्ण प्रत. केवळ फायली उतरवून ठेवल्याने संगणक सुरू होत नाही. त्यासाठी कार्यप्रणाली, आज्ञावली आणि संगणक सुरू करणारा भाग यांसह संपूर्ण डिस्कची प्रत लागते. 'क्लोनझिला' या मोफत आज्ञावलीने ती मूळ डिस्कइतक्या किंवा अधिक क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर तयार करता येते.

प्रत तयार झाल्यावर मूळ डिस्क काढून तिच्या जागी प्रतीची डिस्क बसवावी. संगणक सुरळीत सुरू झाला, तरच ती प्रत विश्वासार्ह मानावी. त्यानंतर प्रतीवर अद्ययावतीकरण करून हिशेबाची आज्ञावली, मराठी टंकलेखन, प्रिंटर आणि इंटरनेट तपासावे. बिघाड आढळल्यास मूळ डिस्क पुन्हा बसवली की संगणक पूर्ववत होतो.

चाचणी सुरू असताना प्रतीवर प्रत्यक्ष कामाच्या नोंदी करू नयेत. अन्यथा माहिती दोन ठिकाणी विभागली जाते. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून ठेवू नयेत. डिस्क सांकेतिक कुलपाने सुरक्षित असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली आधीच लिहून ठेवावी. संगणकाच्या मुख्य पटलावरील फर्मवेअरचे अद्ययावतीकरण मात्र डिस्क बदलून मागे घेता येत नाही. ते या चाचणीत करू नये.

चाचणी यशस्वी झाल्यावरच मूळ डिस्कवर अद्ययावतीकरण करावे. तत्पूर्वी महत्त्वाच्या फायलींची आणखी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.